जकातीच्या कचेरीतला तत्त्वज्ञ

अ‍ॅडम स्मिथची आणि आपल्या विद्यार्थ्यांची गाठ अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला पडते आणि बहुधा त्याच तासाला सुटते. टाचण्यांच्या कारखान्यातील श्रमविभागणी, बाजारातला तो अदृश्य हात आणि सरकारने व्यापारात ढवळाढवळ करू नये हा उपदेश, एवढे तीन मुद्दे उत्तरपत्रिकेत उतरले की या स्कॉटिश पंडिताचे ऋण फिटले असे मानण्याचा प्रघात आहे. त्याच्या आयुष्याची अखेरची बारा वर्षे क्रमिक पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. सापडलीच तर एका ओळीत, आणि तीही काहीशा संकोचाने लिहिलेली. या संकोचाला कारणही तसेच आहे.

‘राष्ट्रांची संपत्ती’ हा त्याचा ग्रंथ ९ मार्च १७७६ रोजी लंडनला प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, १७७८ च्या जानेवारीत, ज्या आयातबंद्या, जकाती आणि अनुदाने यांच्यावर त्याने त्या ग्रंथात पानेच्या पाने खर्चून हल्ला चढविला होता, त्यांचीच अंमलबजावणी करणाऱ्या खात्यात तो दाखल झाला. स्कॉटलंडच्या सीमाशुल्क मंडळाचा, म्हणजे बोलीत सांगायचे तर कस्टमच्या बोर्डाचा, तो एक आयुक्त झाला आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिला. खुल्या व्यापाराच्या आचार्याने जकातनाक्यावर बसावे, ही विसंगती टीकाकारांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. कोणी त्याला संधिसाधू ठरविले. कोणी, म्हाताऱ्या विद्वानाला सरकारने दिलेली ती केवळ एक आरामाची जागा होती, असे सांगून त्याची बाजू सावरली. दोन्ही निवाडे घाईचे आहेत. ती जागा आरामाची नव्हती, आणि ती स्वीकारताना स्मिथने आपली मते दाराबाहेर ठेवली नव्हती. त्या खुर्चीवरून त्याने सरकारला काय सांगितले, आणि त्या खुर्चीने त्याला काय शिकविले व त्याच्याकडून काय हिरावून घेतले, हे पाहिल्यावाचून या माणसाचा हिशेब पुरा होत नाही.

जकात त्याच्या घरातच होती. एडिंबरोच्या समोर, फोर्थच्या खाडीपलीकडे, कर्कॉडी नावाचे एक लहानसे बंदर आहे. तेथे त्याचे वडील सीमाशुल्क खात्यात हिशेबनीस अधिकारी होते. १७२३ मध्ये, मुलाच्या जन्माच्या काही महिने आधीच ते वारले. ५ जून १७२३ ही त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख. जन्मतारीख कोठे नोंदलेली नाही. मार्गारेट डग्लस या विधवा आईने एकुलत्या एका मुलाला वाढविले आणि मुलानेही लग्न न करता आयुष्याची पन्नासाहून अधिक वर्षे आईच्या छायेत काढली. चौदाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठ, तेथे फ्रान्सिस हचिसन या थोर शिक्षकाचा सहवास, पुढे ऑक्सफर्डला सहा वर्षे, परत आल्यावर एडिंबरोत जाहीर व्याख्याने, १७५१ मध्ये ग्लासगोला तर्कशास्त्राचे आणि लगेच पुढल्या वर्षी नीतिशास्त्राचे प्राध्यापकपद, हा त्याचा पूर्वार्ध सर्वपरिचित आहे. १७५९ मध्ये त्याचा ‘नैतिक भावनांचा सिद्धान्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्या ग्रंथाच्या कीर्तीमुळेच बक्लूच्या तरुण ड्यूकचा शिक्षक म्हणून १७६४ ते १७६६ अशी दोन-अडीच वर्षे त्याला फ्रान्समध्ये काढता आली. या शिकवणीच्या मोबदल्यात त्याला वर्षाला ३०० पौंडांचे आजन्म निवृत्तिवेतन मिळाले. त्या निवृत्तिवेतनावरच पुढची दहा वर्षे कर्कॉडीत आणि लंडनमध्ये बसून त्याने आपला मोठा ग्रंथ सिद्धीस नेला.

सीमाशुल्क आयुक्ताची जागा रिकामी झाली तेव्हा स्मिथ स्वतः तिचा उमेदवार होता, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. ती काही कोणी त्याच्या गळ्यात बांधली नाही. त्याच्या पाठीशी बक्लूच्या ड्यूकचे वजन होते. शिवाय पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ हा अमेरिकेतील युद्धाच्या खर्चाने गांजलेला होता आणि १७७८ मध्ये बसविलेल्या राहत्या घरांवरील करासारख्या नव्या करांच्या कल्पना त्याने स्मिथच्या ग्रंथातून उचलल्या होत्या, असे इतिहासकार मानतात. अर्थमंत्र्याने लेखकाचे ऋण अशा रीतीने फेडावे, यात अठराव्या शतकातील इंग्लंडात नवल नव्हते. वेतन सीमाशुल्काचे ५०० पौंड आणि मिठावरील कराचे १०० पौंड, असे मिळून ६०० पौंड. ही नेमणूक होताच स्मिथने ड्यूकचे निवृत्तिवेतन सोडून देण्याची तयारी दाखविली. ड्यूकने ते साफ नाकारले. एका प्राध्यापकाला वर्षाला ९०० पौंड! त्या काळात ही श्रीमंतीच होती.

एडिंबरोच्या कॅननगेट भागात पॅनम्युअर हाऊस नावाचे घर त्याने घेतले. आई, नात्यातली बहीण जॅनेट डग्लस आणि पुढे त्याचा वारस झालेला डेव्हिड डग्लस हा लहान मुलगा, एवढा त्याचा संसार. तेथून चढणीच्या रस्त्याने हाय स्ट्रीटवरील रॉयल एक्स्चेंजच्या इमारतीकडे तो रोज चालत जाई. १७८७ च्या एका व्यंगचित्रात तो जसा दिसतो, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फुलांचा गुच्छ, तसाच तो एडिंबरोकरांच्या आठवणीत राहिला. पुटपुटत, स्वतःशीच हसत जाणारा हा मनुष्य वेडा असावा आणि तरीही कपडे कसे नीटनेटके, असे बाजारातल्या बायकांना वाटे म्हणतात. सर वॉल्टर स्कॉट हा एडिंबरोचाच. त्याने पुढे सांगितलेल्या दोन आठवणी प्रसिद्ध आहेत. कचेरीच्या दारावरचा लाल झग्यातला द्वारपाल आपल्या लांब दंडाने आयुक्तांना कवायतीची सलामी देई. एके दिवशी स्मिथने तंद्रीत आपल्या काठीने हुबेहूब तशीच सलामी परत केली आणि द्वारपालाच्या पावलावर पाऊल टाकीत तो जिना चढला. दुसऱ्या एका वेळी, कागदावर आपली सही करण्याऐवजी त्याने आधीच्या सही करणाऱ्याच्या सहीचीच काळजीपूर्वक नक्कल उतरविली. कचेरीत दिवसाला शेकडो सह्या ठोकणाऱ्या कोणाही कारकुनाला यात विशेष वाटणार नाही.

परंतु या किश्श्यांवरून तो कामात गलथान होता असा ग्रह मात्र करून घेऊ नये. मंडळात पाच आयुक्त होते आणि आठवड्यातून चार दिवस, सोमवार ते गुरुवार, बैठका होत. काही सहकारी फिरकतही नसत. स्मिथ मात्र हजर असे. मंडळाच्या पत्रव्यवहारावर आणि इतिवृत्तांवर त्याची सही वर्षानुवर्षे सापडते. लहान बंदरांच्या वसुली अधिकाऱ्यांचे अहवाल, पकडलेल्या गलबतांचा लिलाव, वखारीतल्या मालाच्या तक्रारी, नेमणुका आणि बडतर्फ्या, चोरट्या आयातीचा बंदोबस्त करण्यासाठी सैन्याच्या तुकड्यांची मागणी, अशा रुक्ष कामात त्याचे दिवस जात. स्कॉटलंडचा किनारा तुटकतुटक, खाड्यांनी चिरलेला आणि बेटांनी भरलेला. चहा, तंबाखू, ब्रँडी, जिन यांची चोरटी वाहतूक हा तेथे गावोगावचा धंदा होता आणि सभ्य गृहस्थांच्या घरातही जकात चुकवलेला चहा बिनदिक्कत प्यायला जाई.

आणि येथेच त्याच्या परिस्थितीतला खरा पेच आहे. आपल्या ग्रंथात त्याने चोरट्या व्यापाऱ्याबद्दल जे लिहिले आहे ते कोणत्याही सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या तोंडी शोभणारे नाही. हा मनुष्य देशाचा कायदा मोडतो म्हणून दोषी खरा. पण निसर्गाने ज्याला कधी गुन्हा मानले नसते ते कृत्य कायद्याने गुन्हा ठरविले नसते, तर तो एक उत्तम नागरिक ठरला असता, असा त्याचा अभिप्राय होता. जकात अवाच्या सवा वाढवायची, मग चोरटी आयात वाढली की शिक्षा कडक करायच्या, आणि ज्या मोहाला सरकारनेच जन्म दिला त्या मोहाला बळी पडल्याबद्दल माणसाचे घरदार बुडवायचे, हे त्याला न्यायाला सोडून वाटत होते. आता त्याच माणसाच्या सहीने गलबते जप्त होत होती. त्याने राजीनामा दिला नाही. कागदांवर बंडाची भाषाही केली नाही. कायदा वाईट असला तरी तो अस्तित्वात असेपर्यंत नोकराने तो पाळावा आणि कायदा बदलण्याची खटपट वेगळ्या दरवाजाने करावी, अशी त्याची धारणा असावी असे त्याच्या वर्तनावरून दिसते. ही धारणा सर्वांना पटेल असे नाही. सरकारी नोकरीतल्या अनेक शहाण्या माणसांनी तिचा आडोसा आपल्या भ्याडपणासाठी घेतलेला आहे. स्मिथच्या बाबतीत तो दुसरा दरवाजा खरोखरच उघडा होता की नाही, एवढाच प्रश्न विचारण्यासारखा आहे.

तो उघडा होता. १७७९ च्या अखेरीस आयर्लंडचा प्रश्न पेटला. आयर्लंडच्या लोकरीच्या कापडाला, काचसामानाला परदेशी बाजार इंग्लंडने बंद केले होते. वसाहतींशी थेट व्यापार करण्याची मुभा नव्हती. अमेरिकेतील युद्धात गुंतलेल्या इंग्लंडची अडचण ओळखून आयर्लंडमध्ये सशस्त्र स्वयंसेवक दले उभी राहिली आणि ब्रिटिश माल न वापरण्याच्या शपथा घेतल्या जाऊ लागल्या. सव्वाशे वर्षांनंतरच्या आपल्या स्वदेशी चळवळीची आठवण व्हावी असाच तो प्रसंग होता. व्यापार मंडळाचा नवा अध्यक्ष लॉर्ड कार्लाइल आणि स्कॉटलंडचा बडा सरकारी वकील हेन्री डंडस या दोघांनीही स्मिथचा सल्ला मागविला. नोव्हेंबर १७७९ मधील त्याची दोन उत्तरे उपलब्ध आहेत. आयरिश जनतेची मागणी न्याय्य आहे, ती नाकारणे हा अन्याय होईल, आणि ती मान्य केल्याने इंग्लंडच्या कारखानदारांचे फारसे बिघडणार नाही, असे त्याने निक्षून कळविले. आयर्लंडकडे कोळसा नाही, लाकूड नाही, सुव्यवस्था आणि न्यायाचा नियमित कारभार नाही; तेव्हा उद्यापासून पूर्ण मोकळीक दिली तरी तो देश शतकभर इंग्लंडची बरोबरी करू शकणार नाही, हा त्याचा युक्तिवाद होता. यात सहानुभूतीइतकाच थंड हिशेबही आहे. कारखानदारांच्या ओरड्याला घाबरलेल्या मंत्र्याला नुसता न्याय सांगून भागत नाही, त्याच्या भीतीचे माप त्याच्या पुढ्यात मोजून ठेवावे लागते, हे या सल्लागाराने ओळखले होते. त्याच हिवाळ्यात आणि पुढील वर्षात पार्लमेंटने आयर्लंडवरील ही बंधने बव्हंशी उठविली. त्याचे श्रेय स्मिथपेक्षा स्वयंसेवकांच्या बंदुकांना अधिक, हे वेगळे सांगायला नको.

व्यापार मंडळाचाच एक सभासद विल्यम ईडन याला त्याने ३ जानेवारी १७८० रोजी लिहिलेले पत्र तर फार मजेचे आणि फार महत्त्वाचे आहे. प्रत्येक कस्टम कचेरीत निषिद्ध मालाची एक यादी टांगलेली असे. आयुक्त झाल्यावर स्मिथने ती यादी वाचली, मग आपले कपाट उघडले आणि तो थक्क झाला. गळपट्टे, झालरी, हातरुमाल, यांतले जवळजवळ काहीच कायद्याने वापरण्याजोगे नव्हते! उदाहरण घालून द्यावे म्हणून त्याने ते सारे जाळून टाकले, आणि ईडनला बजावले की आपल्या व आपल्या पत्नीच्या कपाटाची अशी तपासणी न केलेलीच बरी. ही थट्टा त्याच्या मुद्द्याची प्रस्तावना होती. स्मिथसारख्या सालस प्राध्यापकाच्या अंगावर जर निषिद्ध माल असेल, तर त्या बंदीने साधले काय? माल यायचा राहत नाही. फक्त सरकारला मिळू शकणारी जकात चोरट्या व्यापाऱ्याच्या खिशात जाते. म्हणून सर्व आयातबंद्या उठवाव्यात आणि त्यांच्या जागी चोरट्या आयातीला परवडणार नाही इतकी माफक जकात बसवावी, निर्यातीवरची अनुदाने बंद करावीत, लोकरीच्या निर्यातीवरील बंदीऐवजी तिच्यावर भक्कम निर्यातकर घ्यावा, असे त्याने सुचविले. हॉलंडच्या खारवलेल्या मासळीलाही त्याने याच न्यायाने जकात भरून आत येऊ देण्यास सांगितले; स्पर्धा आली की आपले लोकही मासळी नीट खारवायला शिकतील, अशी त्याची अपेक्षा होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जकात मुळीच नको, असे हा खुल्या व्यापाराचा आचार्य कोठेही म्हणत नाही. राज्याला उत्पन्न हवे आणि जकात हे उत्पन्नाचे एक वाजवी साधन आहे, हे त्याला मान्य होते. त्याचा राग होता तो एका वर्गाची मक्तेदारी टिकविण्यासाठी साऱ्या ग्राहकांच्या खिशात हात घालणाऱ्या जकातीवर. ब्रिटनमध्ये व्यापार संपूर्ण खुला होईल ही अपेक्षाच स्वप्नवत आहे असे त्याने ग्रंथात स्वच्छ लिहून ठेवले होते. देशाच्या संरक्षणासाठी नौकानयनाचे निर्बंध त्याने योग्य मानले होते. आणि ज्या धंद्यात पुष्कळ मजूर गुंतले आहेत त्याचे संरक्षण एकदम न काढता हळूहळू काढावे, अशी माणुसकीची सूचनाही केली होती. पुस्तकातला स्मिथ आणि कचेरीतला स्मिथ यांच्यात दिसते तेवढे अंतर नाही, ते यामुळे.

कचेरीने त्याला दिलेली खरी देणगी म्हणजे आकडे. १७८२ मध्ये काही महिन्यांची रजा घेऊन तो लंडनला गेला आणि ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीची तयारी करू लागला. १७८४ च्या या आवृत्तीत त्याने जी मोठी भर घातली तिच्यातला हेरिंग मासळीचा भाग म्हणजे सरकारी आकडेवारीचा उपयोग कसा करावा याचा आदर्श पाठच आहे. डच लोक ‘बस’ नावाच्या मोठ्या पडाव-गलबतांतून खोल समुद्रात हेरिंग पकडीत. ब्रिटिश सरकारनेही तशी गलबते वाढावीत म्हणून गलबताच्या टनामागे अनुदान ठेवले. ते १७५० मध्ये ३० शिलिंग होते, पुढे काही वर्षे ५० शिलिंगांपर्यंत चढविले गेले. अनुदान टनावर होते, मासळीवर नव्हते. परिणाम काय व्हायचा तोच झाला. मासे पकडण्यापेक्षा अनुदान पकडण्यासाठी गलबते पाण्यात लोटली जाऊ लागली. १७५९ मध्ये स्कॉटलंडच्या या साऱ्या ताफ्याने समुद्रावर खारवून आणलेली मासळी भरली अवघी चार पिंपे! सरकारला एकेक पिंप ११३ पौंड १५ शिलिंगांना पडले, आणि बाजारात विकण्याजोगे नीट भरलेले पिंप धरले तर १५९ पौंड ७ शिलिंग ६ पेन्सांना.

१७७१ ते १७८१ या अकरा वर्षांचा हिशेबही त्याने मांडला. ३,७८,३४७ पिंपे मासळी आणि तिच्यासाठी दिलेले अनुदान १,५५,००० पौंडांहून अधिक. शिवाय मासळी खारविण्याच्या मिठावर माफ केलेला कर वेगळा. आणि मिठाच्या कराचा आयुक्त या नात्याने ती सूट काय रकमेला पडते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? एवढे करून मासळी स्वस्त झाली नाही. स्कॉटलंडची हेरिंग खाड्यांतून आत जमिनीपर्यंत शिरते. तेथे कामाची ती लहान होडी, मोठे गलबत नव्हे. होडीतून मासेमारी करणाऱ्या गरीब कोळ्याला या अनुदानातला एक पेनीही मिळत नव्हता आणि अनुदानावर पोसलेल्या गलबतांपुढे त्याचा धंदा मात्र बसत चालला होता. अनुदाने ज्यांच्या नावाने दिली जातात त्यांच्या हाती पडत नाहीत, ती कागद रंगविता येणाऱ्यांच्या हाती पडतात, हे या प्रकरणात जेवढ्या रोखठोकपणे दिसते तेवढे इतरत्र क्वचित दिसते. हा मजकूर केवळ अभ्यासिकेत बसून लिहिता आला नसता.

त्याच आवृत्तीत ईस्ट इंडिया कंपनीवरचा हल्लाही त्याने विस्ताराने वाढविला. या विषयात त्याचे लक्ष जुने होते. १७७२ मध्ये कंपनीच्या संचालकांपुढे एका मित्राने त्याचे नाव सुचविले होते. हिंदुस्थानातील कारभार तपासण्यासाठी पाठवावयाच्या पर्यवेक्षकांच्या संदर्भातच ते सुचविले गेले असावे, असे दिसते. ते पर्यवेक्षक मंडळ कधी निघालेच नाही. निघते आणि स्मिथ त्यात असता तर अर्थशास्त्राचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता, हा कल्पनेचा विषय आहे. व्यापाऱ्याने राज्य करावे ही गोष्टच त्याला विपरीत वाटे. राजाचे हित प्रजा संपन्न होण्यात असते. व्यापाऱ्याचे हित प्रजेकडून स्वस्तात घेऊन दुसरीकडे महाग विकण्यात असते. दोन्ही पगड्या एका डोक्यावर घातल्या की दोन्ही कामे बिघडतात. बंगालमध्ये अफूच्या पिकासाठी उभ्या भातशेतावर नांगर फिरविला गेला, हे उदाहरण त्याने ग्रंथात नमूद केले आहे.

पुढे याच स्मिथचे नाव घेऊन हिंदुस्थानच्या आयातकरांवर कुऱ्हाड चालविण्यात आली, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे. मँचेस्टरच्या दडपणाखाली १८८२ मध्ये येथील आयात जकाती जवळजवळ सर्व रद्द झाल्या. १८९४ मध्ये तिजोरीच्या गरजेपोटी त्या पुन्हा आल्या, तर १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि त्याची भरपाई म्हणून मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर तेवढाच उत्पादनकर! हा कर १९२५ च्या अखेरीपर्यंत टिकला. स्वदेशी मालावर कर असेल तर परदेशी मालावर तेवढी जकात बसविणे योग्य, असे स्मिथचे म्हणणे होते. येथे त्याचे डोके खाली आणि पाय वर करण्यात आले होते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान देताना, इंग्लंडात तयार झालेले सिद्धान्त सर्वकाळ आणि सर्व देशांना लागू असल्याचे मानता येत नाही, असे प्रतिपादन केले. रानड्यांचा हा आक्षेप स्मिथच्या शिष्यांना जितका लागू आहे तितका खुद्द स्मिथला लागू नाही, असे त्याचे कचेरीतले दिवस पाहिल्यावर म्हणावेसे वाटते.

सल्ल्याला फळ येण्यास धाकट्या पिटचे मंत्रिमंडळ यावे लागले. अमेरिका हातची गेल्यावर तिच्याशी व्यापार कोणत्या अटींवर करावा याविषयी ईडनने १७८३ मध्ये विचारले, तेव्हा सर्व राष्ट्रांच्या मालाला सारखेच कर लावावेत, कोणाला झुकते माप नको आणि कोणावर सूडही नको, असे स्मिथने कळविले. ते तेव्हा मानले गेले नाही. परंतु १७८४ मध्ये पिटने चहावरील ११९ टक्क्यांच्या घरातली जकात एकदम साडेबारा टक्क्यांवर आणली आणि चोरट्या चहाचा कणाच मोडला. तूट भरून काढण्यासाठी खिडक्यांवरील कर वाढविला. १७८६ मध्ये त्याच ईडनने फ्रान्सशी व्यापारी तह केला. १७८७ मध्ये पिटने एकावर एक चढलेल्या जकातींचा गुंता सोडवून प्रत्येक मालाला एकच दर ठरविला. त्यासाठी पार्लमेंटपुढे अडीच हजारांवर ठराव मांडावे लागले. त्याच वर्षी आजारी स्मिथ उपचारांसाठी लंडनला गेला असताना डंडसच्या घरी पिटसह सारे मंत्री त्याला पाहून उभे राहिले, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पिटने तो ग्रंथ वाचला होता, हे त्याच्या अंदाजपत्रकांवरून दिसते. पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि तो तह, ते शहाणपण, सारे वाहून गेले.

या साऱ्याची किंमत स्मिथने मोजली. आपल्या नव्या पदाबद्दल त्याला एकच खंत होती: लेखनात येणारा व्यत्यय. १७८५ मध्ये एका फ्रेंच सरदाराला त्याने कळविले होते की आपल्या हाती दोन मोठी कामे आहेत. एक साहित्य, तत्त्वज्ञान आणि कला यांचा इतिहास, दुसरे कायदा आणि शासन यांचा सिद्धान्त व इतिहास. दोन्ही पुरी झाली नाहीत. आठवड्यातले चार दिवस बंदरांच्या कागदांत गेले. मे १७८४ मध्ये आई गेली. १७८८ मध्ये जॅनेट डग्लस गेली. नोव्हेंबर १७८७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्याला आपला रेक्टर निवडले तेव्हा त्याला झालेला आनंद जुन्या शिक्षकाचा होता. तीन वर्षे त्याने उरलेली शक्ती ‘नैतिक भावनांचा सिद्धान्त’ पुन्हा लिहिण्यात खर्च केली. १७९० च्या त्या आवृत्तीत त्याने एका नव्या प्रकारच्या राज्यकर्त्याचे चित्र रेखाटले आहे. हा राज्यकर्ता आपल्या आखीव योजनेच्या प्रेमात इतका बुडतो की जिवंत माणसे त्याला बुद्धिबळाच्या पटावरील सोंगट्यांसारखी वाटू लागतात. प्रत्येक सोंगटीला स्वतःची चाल असते हे तो विसरतो. याच्या उलट शहाणा माणूस, सर्वोत्तम कायदा करता आला नाही तर लोकांना सोसवेल एवढा बरा कायदा करतो. बारा वर्षे कायद्याचे कागद हाताळल्यावर लिहिलेली ही पाने आहेत.

१७९० च्या जुलैत, आता आपण उठत नाही अशी खात्री पटल्यावर, त्याने जोसेफ ब्लॅक आणि जेम्स हटन या दोघा जुन्या मित्रांकरवी हस्तलिखितांचे सोळा खंड जाळविले. खगोलशास्त्राच्या इतिहासासारखे थोडे निबंध तेवढे राखले. कायदा आणि शासन यांवरचा तो संकल्पित ग्रंथ त्या धुरात गेला. त्याच्या कल्पना आज जेवढ्या कळतात त्या ग्लासगोच्या वर्गात बसून टिपणे घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांमुळे. त्यांतली एक वही १८९६ मध्ये छापली गेली, दुसरी १९५८ मध्ये हाती लागली.

१७ जुलै १७९० रोजी तो गेला. घरापासून चार पावलांवरच्या कॅननगेटच्या दफनभूमीत त्याला पुरले. मागे सुमारे तीन हजार ग्रंथांचे ग्रंथालय राहिले, ते डेव्हिड डग्लसकडे गेले. वर्षाला ९०० पौंड मिळविणाऱ्या, लग्न न केलेल्या आणि साधे राहणाऱ्या माणसाची शिल्लक मात्र मित्रांच्या अंदाजापेक्षा बरीच कमी निघाली. आयुष्यभर कोणाला पत्ता लागू न देता तो गरजूंना मोठमोठ्या रकमा देत आला होता, असे त्याचा पहिला चरित्रकार ड्युगल्ड स्ट्युअर्ट याने नोंदविले आहे.